धंदा : घरकाम

(तरुण वकील आणि कुटुंब समुपदेशनाचे काम करणारे कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



न्यायालयात दाखल होणाऱ्या कोणत्याही मराठी अर्जाच्या पहिल्या पानावर पक्षकाराचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण दिलेले असते. पक्षकार स्त्री असली आणि ती नोकरी करीत नसली, तर टंकलेखक तिला धंदा विचारीतही नाही. त्याची बोटे आपोआप शब्द उमटवितात. वय ३२ वर्षे, धंदा घरकाम. गेली तीस वर्षे न्यायालयाची बातमीदारी करताना हे दोन शब्द मी हजारो कागदांवर वाचले आहेत. मी कायद्याचा पदवीधर नव्हे. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन बी. ए. झालेला एक पत्रकार. त्यामुळे कलमांचा काथ्याकूट तुमच्यावर सोपवून मी फक्त एक प्रश्न मांडणार आहे. ज्या धंद्याची नोंद न्यायालय स्वतःच्या दप्तरात करते, त्या धंद्याचे मोल किती, हे सांगावयास त्याच न्यायालयाला इतका काळ का लागला?

संयोजकांनी मला विषय दिला तो कौटुंबिक दावे आणि अपघात नुकसानभरपाई या क्षेत्रांतील वकिलीचा. ऐकताना ही जोडी विजोड वाटते. एकीकडे नवरा-बायकोचे भांडण, दुसरीकडे ट्रक आणि विमा कंपनी. परंतु जिल्ह्याच्या न्यायालयात जाऊन एखाद्या सामान्य वकिलाची रोजनिशी उघडून पाहा. सकाळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, दुपारी पोटगीचा अर्ज, मधल्या वेळेत एखादा नांदण्यास येण्याचा दावा. याचे कारण सरळ आहे. दोन्हीकडे वकिलाच्या दारात जो येतो तो एक माणूस नसतो, मोडलेले घर असते. एक घर रस्त्यावर मोडलेले, दुसरे घरातल्या घरात.

माझ्या परिचयाचे एक वकील आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांनी तशी अट घातली आहे. १९८३ साली त्यांनी सनद घेतली. त्या वेळी परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात येऊन सात वर्षे झाली होती. पण तालुक्याच्या गावात तसा अर्ज आला की सारी बार रूम कुतूहलाने पाहत असे. कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा आणि पुण्या-मुंबईत ती न्यायालये प्रत्यक्षात आली १९८९ साली. या कायद्याच्या तेराव्या कलमात एक मौज आहे. वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्क तेथे पक्षकाराला नाही. न्यायालयाने परवानगी दिली तर वकील उभा राहतो. म्हणजे ज्या न्यायालयात आयुष्य घालवायचे, त्याच्या दारावरच 'वकिलांनी विचारून आत यावे' अशी पाटी. पुष्कळ वकिलांना हा अपमान वाटला. आमच्या वकीलसाहेबांना तो वाटला नाही. ते म्हणत, "आपण न बोलता दोन माणसे समुपदेशकासमोर बोलणार असतील, तर आपण बाहेर चहा प्यावा." अर्थात व्यवहारात परवानगी बहुधा मिळते आणि चहा थंड होतो, हा भाग निराळा.

आता अपघाताकडे येतो. माणूस गेल्यावर भरपाई कशी मोजतात, हे आपल्यापैकी कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून उदाहरण घेऊ. वकीलसाहेबांकडे आलेले एक कुटुंब. चौतीस वर्षांचा टेम्पोचालक, मालवाहू ट्रकने मागून धडक दिली, जागीच गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. मिळकत महिना बारा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. माणूस जगता तर त्याची मिळकत वाढली असती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात ठरविले, की स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर चाळीस टक्के वाढ धरावी. झाले दोन लाख एक हजार सहाशे. त्याच्यावर अवलंबून चौघे, तेव्हा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरले एक लाख एक्कावन्न हजार दोनशे. आता वयाचा गुणक. २००९ सालच्या सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तक्ता बांधून दिला. एकतीस ते पस्तीस वयासाठी तो सोळा आहे. गुणाकार केला की चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे. यात अंत्यविधी, साहचर्याची हानी वगैरे ठरीव रकमा मिळवायच्या. एवढे गणित सातवीचा विद्यार्थीही करू शकेल. त्यापूर्वी दोन न्यायाधीश एकसारख्या दोन मृत्यूंना निरनिराळे आकडे लावीत असत. म्हणून हा तक्ता आला, आणि तो योग्यच आला.

पण या गणितातला पहिला आकडा म्हणजे मिळकत. तीच नसेल तर? ट्रकने नवऱ्याऐवजी बायकोला उडविले असते तर?

मोटार वाहन कायद्यात १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टाने याचे उत्तर दिले होते. मिळकत नसलेल्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला पंधरा हजार मानावे आणि न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न हयात जोडीदाराच्या मिळकतीच्या एक तृतीयांश मानावे. वरवर ठीक वाटते. जरा विचार करा. आपल्या टेम्पोचालकाच्या बायकोचे काम महिना चार हजारांचे आणि दीड लाख पगाराच्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे काम पन्नास हजारांचे. जिच्या घरी धुण्याचे यंत्र आहे, स्वयंपाकाला बाई आहे, तिचे घरकाम मोलाचे. आणि जी पहाटे हापशावरून पाणी आणते, सासूचे अंथरूण काढते, पोरांना शाळेत धाडते आणि चार घरची धुणी न करता फक्त आपल्याच घराला वाहून घेते, तिचे घरकाम स्वस्त. नवरा जितका गरीब, तितके बायकोचे कष्ट हलके. हे परिशिष्ट लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांनी स्वयंपाकघर आतून पाहिले नव्हते, एवढेच.

सुदैवाने न्यायालये परिशिष्टापाशी थांबली नाहीत. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात संस्थापक दिनाच्या समारंभात आग लागली आणि कितीतरी स्त्रिया व मुले त्यात दगावली. भरपाई ठरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे दिले. त्यांनी गृहिणींच्या सेवेचे मोल वर्षाला दहा-बारा हजार धरले. प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा, २००१ सालच्या लता वाधवा निकालात, हा आकडा फारच अपुरा ठरवून चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणींसाठी महिना तीन हजार धरण्यात आला. कोणाच्या नवऱ्याचा पगार किती, हा प्रश्न तेथे नव्हता. पुढे २०१० साली अरुणकुमार अगरवाल प्रकरणात न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. आपल्या जनगणनेत गृहिणींची गणना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या बरोबरीने अनुत्पादक गटात होत होती! घराला गृहिणीवाचून घरपण नाही असे सुभाषित सांगणाऱ्या देशात सरकारी तक्ता हे सांगत होता. त्या दाव्यात न्यायाधिकरणाने दिलेले अडीच लाख सर्वोच्च न्यायालयाने सहा लाखांवर नेले. आणि जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला. घरातल्या विनावेतन कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीचे उत्पन्न ठरविणे हा उपकार नव्हे, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, हे त्या निकालाचे सार.

बंधु-भगिनींनो, हे निकाल आकाशातून पडत नाहीत. प्रत्येक निकालाच्या तळाशी जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात कोणी एक वकील असतो. त्याने उलटतपासणीत विधुर नवऱ्याला विचारलेले असते, की पत्नी गेल्यापासून डबा कोण करतो, त्याचे किती देता, मुलीच्या वेण्या कोण घालते, आईला दवाखान्यात कोण नेते. हा पुरावा खाली नोंदला गेला नाही, तर वरचे न्यायालय काय मोलाचे बोलणार? आमचे वकीलसाहेब अशा दाव्यात कामांची आणि वेळांची यादीच जोडतात. एका विमा कंपनीच्या वकिलाने त्यावर टोमणा मारला, की ही यादी खरी असेल तर बाई झोपत कधी होती? साहेबांनी उत्तर दिले, "तोच प्रश्न तिने वीस वर्षे कोणाला विचारला नाही."

आता दुसऱ्या न्यायालयात चला. हीच बाई जिवंत आहे, पण सासरी नाही. पोटगीसाठी अर्ज केला आहे. येथे नवऱ्याचा वकील म्हणतो, ती बी. ए. झाली आहे, तिला कमावता येते, ती रिकामी बसून आहे, संसारात तिने असे केले काय? अपघाताच्या दाव्यात जो विधुर सांगत असतो की तिच्यावाचून घर बंद पडले, तोच नवरा येथे सांगतो की ती असून नसून सारखीच होती. मृत पत्नीचे मोल वाढवून सांगायचे आणि जिवंत पत्नीचे पाडून मागायचे! वकीलसाहेबांवर एकदा अशी वेळ आली, की एकाच दिवशी सकाळी पहिले आणि दुपारी दुसरे मांडायचे होते. दुपारच्या पक्षकाराला त्यांनी सांगितले, "तुमची मिळकत कमी आहे हे मी सांगेन. तिचा दोष असेल तर तो पुराव्याने सांगेन. पण ती काही करीत नव्हती हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही." पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेला. असे दोन-चार पक्षकार दरवर्षी जातात आणि त्यामुळे साहेब उपाशी राहिलेले नाहीत.

मिळकत लपविणे हा या न्यायालयातला जुना रोग. पगाराची चिठ्ठी हरवते, दुकान अचानक भावाच्या नावे होते, शेती तोट्यात जाते. उलट बाजूही आहे. नोकरी असताना ती नाही असे सांगणाऱ्या पत्नीही मी पिंजऱ्यात पाहिल्या आहेत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले. पूर्वी निकालाच्या तारखेपासून पोटगी मिळण्याची प्रकरणे असत, म्हणजे तारखा जितक्या पडतील तितका नवऱ्याचा फायदा. तो मार्ग आता अरुंद झाला आहे. जुने कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, एवढाच त्यात बदल, आशय तोच. कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे. भगिनी तुमच्याकडे आली की तिला आधी घरभाडे, शाळेची फी, औषधे, दूध यांच्या पावत्या जमविण्यास सांगा. अश्रूंनी वकिलाचे मन द्रवते, न्यायाधीशासमोर मात्र पावती लागते.

समेटाचेही बोलले पाहिजे. कुटुंब न्यायालयाच्या कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्यच मानले आहे, आणि घर सावरण्यासारखे असेल तर ते सावरावे यात आपणा कोणाचेच दुमत असणार नाही. तथापि समेट म्हणजे मुलीला समजावून परत धाडणे, असा अर्थ घेणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. जेथे मारहाण आहे तेथे समेटाची घाई करू नये. आणि जेथे दोघांनीही मनाने केव्हाच निरोप घेतला आहे, तेथे सहा महिने थांबण्याची अटही न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

आता त्या टेम्पोचालकाच्या घराकडे परत जातो, कारण ती गोष्ट अर्धी राहिली. दावा चौघांच्या वतीने दाखल झाला. विधवा सून, दोन नातवंडे, सासू, वकील एकच. निकाल जवळ येईपर्यंत सून माहेरी गेली होती, मुले आजीकडे होती. पैसे येणार म्हटल्यावर दोन्हीकडचे पाहुणे जागे झाले. सुनेचा भाऊ येऊन म्हणाला, सगळी रक्कम ताईच्या नावावर हवी. सासूचा पुतण्या म्हणाला, ती उद्या दुसरे लग्न करील, तिला कशाला? येथे वकिलाची खरी परीक्षा असते. ज्या चौघांनी वकीलपत्रावर सह्या केल्या, ते आता समोरासमोर उभे. एकाची बाजू घेऊन दुसऱ्याविरुद्ध लढणे व्यवसायाच्या नियमात बसत नाही. साहेबांनी सुनेच्या भावाला आणि पुतण्याला बाहेर बसविले आणि दोघी बायकांनाच आत बोलावले. "वाटणीच्या भांडणात मी कोणाचाच वकील नाही. भांडायचेच असेल तर दोघींनी दोन वकील करा, मी दोन्ही कागद परत देतो. त्याआधी एकमेकींना काय हवे ते सांगा."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग म्हातारी म्हणाली, "वकीलसाहेब, पैसा सगळा सूनबाईच्या नावावर टाका. पण पोरं माझ्यापासनं तोडू नका." सून म्हणाली, "आत्याबाई, पोरं तोडायला मी काय वैरीण आहे? मला शिवणाचा वर्ग लावायचा आहे, म्हणून त्यांना तुमच्यापाशी ठेवलं." पैशाचा प्रश्न पाहुण्यांचा होता, या दोघींचा तो नव्हताच. मुलांच्या नावे ठेवी, सासूला औषधपाण्यापुरता हिस्सा, उरलेले सुनेला आणि मुले शाळेच्या दिवसांत आजीकडे, असा कागद दोघींच्या संमतीने न्यायाधिकरणापुढे गेला. सर्वच घरांत असे घडते असे मी म्हणणार नाही. कित्येकदा तो पुतण्याच जिंकतो.

पुनर्विवाहाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. विधवेने लग्न केले की तिची भरपाई जाते, ही समजूत खेड्यापाड्यांत घट्ट आहे आणि ती चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले, की भरपाई मिळविण्यासाठी स्त्रीने जन्मभर विधवा राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही. त्याच वेळी न्यायालयाने घराची व्याख्या आखडलेली नाही, हेही पाहा. गुजरात परिवहन महामंडळाच्या १९८७ च्या प्रकरणात मृताच्या भावांचा दावा मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे भाऊ, बहिणी आणि त्यांची मुले एकत्र राहतात, याची दखल घेतली. २०२१ साली तर जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही जावयाच्या मृत्यूनंतर भरपाई मागण्याचा अधिकार मान्य झाला. वारसा कायद्यात तिचे नाव नाही. पण ती त्याच्या आधाराने जगत होती. एकत्र कुटुंबाविषयी आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो. अपघाताच्या न्यायालयाने त्याची जी नोंद घेतली आहे, ती आपल्या भाषणांहून अधिक काटेकोर आहे.

जखमींविषयी थोडक्यात. प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजे भरपाईचे टक्के नव्हेत. राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उदाहरण लक्षात ठेवा. डावा हात गमावलेल्या सुताराची वा चालकाची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते; कारकुनाची तेवढी जात नाही. म्हणून त्या माणसाच्या कामाची जागा वकिलाने स्वतः पाहावी. आणि मुदत विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करण्याची अट पुन्हा आली आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळण्याची योजना आहे. तिचे अर्ज कोणी करीत नाही, कारण ती कोणाला ठाऊक नसते.

तरुण वकिलांशी शेवटी फीविषयी बोलतो. कडू वाटले तर क्षमा असावी. दवाखान्याच्या दारात, शवागारापाशी उभे राहून वकीलपत्रावर अंगठे घेणारे मध्यस्थ तुम्हीही पाहिले असतील. 'आधी काही देऊ नका, मिळेल त्यातले अमुक टक्के द्या.' अमेरिकेत हा राजरोस व्यवहार आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी तो निषिद्ध आहे, १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला व्यावसायिक गैरवर्तन म्हटले, आणि २०१७ साली मोटार अपघाताच्या भरपाईतूनच निघालेल्या बी. सुनीता प्रकरणात टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. तरी ती चालते. त्याचे समर्थन असे की गरीब विधवा आगाऊ फी कोठून देणार? प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर तिच्या मुलांच्या चोवीस लाखांतून पाच लाख उचलणे हे नव्हे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला विनामूल्य वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. ते तिला सांगणारा माणूस मध्यस्थाच्या आधी पोहोचला पाहिजे, आणि तो माणूस तुमच्यापैकी असावा.

लोकअदालतीतही सावध राहा. तेथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. लवकर मिळणारे दहा लाख, की चार वर्षांनी मिळणारे चोवीस, हे तिला कागदावर मांडून दाखवा. ठरवू द्या तिलाच.

पैसे मिळाल्यावरही काम संपत नाही. सुसम्मा थॉमस निकालापासून अज्ञान मुलांच्या रकमा आणि पुष्कळदा विधवेच्याही रकमेचा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवून व्याज तेवढे देण्याची पद्धत आहे. ही अट डोळे मिटून लावू नका, शिकलेल्या आणि व्यवहार जाणणाऱ्या माणसाला त्याचेच पैसे मागायला पुन्हा न्यायालयात आणू नका, असे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयालाच बजावावे लागले. मुलांच्या ठेवींचा मात्र उपयोग निर्विवाद आहे. अडचण एवढीच, की मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पावती कोठे आहे हे घरातल्या कोणालाही आठवत नाही. आमच्या वकीलसाहेबांनी त्यासाठी एक वही केली आहे. मुलाचे नाव, बँकेची शाखा, ठेवीचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख. जानेवारीत ती वही काढायची आणि त्या वर्षी ज्यांची मुदत संपते त्यांच्या घरी पोस्टकार्ड टाकायचे. टेम्पोचालकाच्या धाकट्याची ठेव २०३१ साली मोकळी होईल. साहेबांचे वय झाले आहे. वही आता त्यांच्याकडे काम करणाऱ्या तरुण वकील भगिनीच्या ताब्यात आहे.